चुलीचा तिसरा दगड

माझी सोळा वर्षांची नोकरी दारूगोळा डेपोत झाली. ट्रेड, स्टोअरकीपर. खोक्यांवरचे लॉट नंबर वाचायचे आणि थप्पी लावून घ्यायची. खोक्यातला माल मी क्लासमधल्या चित्रात पाहिला होता, उघडा कधीच नाही. हवालदार म्हणून पेन्शनवर धसईजवळच्या गावी आलो, तर गावानं मला बॉम्बवाला हवालदार करून टाकलं. मीही नाही म्हटलं नाही. फुकटचा मान कोणाला नको असतो?

मे अखेरीस वाडीतला सोमा वीटभट्टीवरून परतला. खोपटं पुन्हा उभारताना त्याला ओढ्याकाठी एक जड तुकडा सापडला. पितळी टोक, मागे गंजलेलं लोखंड. सकाळी आठ वाजता तो घेऊन पारावर आला. सरपंच आणि सात-आठ माणसं बसली होती.

"हवालदारसायेब, ह्या काय हाय?"

डेपोतला नियम नव्या शिपायालाही पाठ असतो. ओळख पटली नाही तर जिवंत समजा, लांब व्हा, वर कळवा. खुणा गंजात गेल्या होत्या. मला ओळख पटली नव्हती. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जुन्या रॉकेटचा फ्यूज, स्फोट पेटवायचं टोक," मी म्हणालो. "रिकामा आहे."

"मंग चुलीला लावू? तिसरा दगड फुटलाय."

"लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला स्फोट ऐकला. धावत वाडीवर गेलो. सोमाची बायको भाकऱ्या करत होती. ती जागीच गेली. सोमा पाण्याला गेला होता, म्हणून वाचला.

दुपारी बॉम्बशोधक पथक आलं. अधिकाऱ्यानं तुकडे पाहून विचारलं, "रिकामा आहे, असं कोणी सांगितलं?"

सोमानं माझ्याकडे पाहिलं. "कोनी नाय सायेब. आमालाच नाय समजला."

मी सावधानमध्ये उभा होतो, तसाच गप्प राहिलो. शत्रूसमोरून पळून आलो असतो तरी इतकी लाज वाटली नसती.

तीन दिवसांनी सोमाकडे गेलो. म्हणालो, "सोमा, मी बॉम्बवाला नाय रे. मी खोकी सांभाळायचो. ती वस्तू मला ओळखताच आली नव्हती."

"तवाच 'म्हाईत नाय' बोलला असता तर," तो म्हणाला. "आमी टाकून दिली असती."

तिथून तडक पोलीस ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. मयताचं नाव सांगा, असं जबाब लिहिणारा पोलीस म्हणाला. मला सांगता येईना. बाहेर जाऊन फोनवर सोमाला विचारावं लागलं.

जानकी सोमा वाघ.