कोंडवाडा सात दिवसांचा

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. नर्सची नोकरी लागली तेव्हा बावीस वर्षांची होते, बेलापूरपासून कोसावरच्या गावात एकटी राहायचे, आणि पहिल्या महिन्यातच गावाने मला 'तापट बाई' करून टाकलं होतं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. मऊ बोलणारीच्या हातून तिथे कुणी सुई टोचून घेतली नसती.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीचा हिवाळा होता. पाटाकडेच्या वस्तीवरून एक बाई धापा टाकत मला बोलवायला आली. जाऊन बघते तो तिची दोन वर्षांची पोरगी तापाने फणफणलेली, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. न्यूमोनिया. तिकडे त्याला 'डबा झाला' म्हणतात. काही औषध दिलं का, म्हणून विचारलं तर आईने दिवळीतून, पणतीच्या मागून, कागदाची पुडी काढली. दिवाळीत असाच ताप आला तेव्हा दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या होत्या त्या. दोन दिवसांत पोर हसायला लागली म्हणून उरलेल्या ठेवून दिलेल्या. पुडीला कुंकवाचं बोटही लावलेलं! एवढं जपलेलं औषध, पण या खेपेला तीन दिवस देऊनही ते लागू पडत नव्हतं.

बैलगाडी जुंपून आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलं, रोज एक सुई, सात दिवस. रोज वस्तीवर जाऊन टोचायचं काम माझं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की, औषध अर्ध्यावर सोडलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे मागे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. ती वीण मग त्या औषधाला दाद देत नाही. गोळ्यांचं बहुतेक तेच झालं असावं. आता हेही अर्धवट राहिलं, आजार उलटला आणि मेंदूपर्यंत चढला, तर आपल्याकडे तिसरं औषध नाही.

पहिली सुई टोचली तेव्हा पोरगी रडली नाही. डोळेसुद्धा उघडले नाहीत. सुई टोचल्यावर न रडणारं मूल बघवत नाही हो. घरी परतताना रस्त्याने मीच रडत आले, तापट बाई असून.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी सुया उकळून घेऊन वस्तीवर गेले, तर पोर अंगणात भाकरीचा तुकडा चघळत बसलेली आणि आई दारात आडवी उभी. मालक नको म्हणतात, पोर खेळायला लागली, आता उगाच भोकं कशाला पाडायची. झालं, माझं डोकं फिरलं. जंतू, वीण, मेंदू, सगळं तिला एका दमात ऐकवलं. ती दारातून हलली नाही. खरं तर तिचं काय चुकलं होतं? जंतू तिने बघितले थोडेच होते.

तेवढ्यात पोरीचा बाप आला. घामाने भिजलेला, पण स्वारी खुशीत. हरभऱ्यात शिरणारा एक मोकाट गोऱ्हा त्याने अखेर पंचायतीच्या कोंडवाड्यात नेऊन घातला होता.

"लई सोकावला हुता," तो म्हणाला. "बांधापातूर हाकलला, की पुना हरभऱ्यात. आर्धं हाकलून काय उपेग न्हाई बाई."

मी पुस्तकातलं सगळं विसरले. "मग पोरीच्या छातीतलं जनावर तुम्ही बांधापर्यंतच हाकललंय," मी म्हटलं. "दिवाळीतही तेवढंच केलंत. ते सोकावलंय. मला आणखी चार दिवस द्या, मी त्याला कोंडवाड्यात घालते."

तो खाली बसला, पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "टोचा."

आईने ती पुडी माझ्यादेखत चुलीत टाकली. पुढचे दोन दिवस तो बाप पाटावर येऊन माझी वाट बघत उभा असायचा. ही गोष्ट त्यानेच गावभर केली, आणि मग जो तो मला विचारायला लागला, बाई, कोंडवाडा किती दिसांचा? डॉक्टर आधी पोट धरून हसले. नंतर तेच पेशंटला दरडावून सांगायला लागले, कोंडवाडा पुरा करायचा. पुण्यात शिकलेला माणूस, आणि शब्द माझा! मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सातव्या दिवशी मला बघताच पोरगी कणगीमागे पळाली. बापाने ओढून आणली, घट्ट धरली. मी सुई टोचली, तशी ती गावाला ऐकू जाईल अशी किंचाळली आणि वळून माझ्या अंगठ्याला कडकडून चावली. रक्तच आलं. आई ओशाळली, पोरीवर हात उगारायला लागली. मी तिचा हात धरला.

"मारू नका," मी म्हटलं. "चावू दे तिला."

तो व्रण अजून आहे. नोकरीत काय कमावलं, असं कुणी विचारलं की मी अंगठा पुढे करते.