बरणीतला समुद्र

माझ्या मेव्हण्याची होडी मुरूडला असते, पण तिच्या फळ्यांना लागणारे स्क्रू पुण्यातूनच यावेत असा त्याचा हट्ट. म्हणून बिबवेवाडीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

मालक साठीचे होते. चष्मा कपाळावर ठेवून तोच काउंटरवर शोधत होते.

"होडीसाठी स्टेनलेसचे स्क्रू द्या. ३०४ ग्रेडचे चालतील," मी म्हटलं.

त्यांनी लोणच्याची काचेची बरणी पुढे सरकवली. बरणीवर चिठ्ठी होती: 'समुद्र. कृपया हात घालू नये.' आत पाण्यात दोऱ्याला बांधलेले दोन स्क्रू लोंबकळत होते.

"दर सोमवारी ताजं मिठाचं पाणी घालतो. हा ३०४. अंगावर तांबूस पुरळ उठलंय, बघा. आणि हा ३१६. नवऱ्या मुलासारखा चकचकीत."

"पण स्टेनलेसला गंज चढत नाही ना?"

"तुमच्या मोरीत नाही चढत. खाऱ्या पाण्यात चढतो. ३१६मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, तो मिठाला दाद देत नाही."

"पण ३१६ महाग आहे हो."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे नीट पाहिलं. "मेव्हण्याला पोहता येतं?"

"येतं की."

"मग न्या ३०४."

मी ३१६च घेतले. निघताना विचारलं, "समुद्रावर नेहमी जाणं होत असेल तुमचं?"

"एकदा गेलो होतो," बरणीचं झाकण घट्ट लावत ते म्हणाले. "उगाच फार मोठा आहे."