आखणीवाली आणि आठवड्याची गोळी

"थांब गो, हात अजून उठला नाय."

सकाळी कारखान्यात कोणी तिच्यापुढे मूर्ती आणून ठेवली की ती हेच म्हणायची. समोर पत्र्याचा जुना डबा, त्यात कोमट पाणी, पाण्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवलेले. मग ती एकेक बोट उघडायची, ओल्या कागदाची घडी फाटू नये म्हणून आपण उघडतो तशी. बायका हसायच्या. "महाराणीचा हात झोपलाय, गाणं म्हणा गो कोणीतरी." तीही हसायची आणि डबा आणखी जवळ ओढायची.

पेणजवळच्या आमच्या जोह्यात गणपतीचे कारखाने म्हणजे घरोघरी. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, आणि अगदी शेवटी तिचे डोळे काढतात. त्या कामाला आखणी म्हणतात. ते काम सगळ्यांना देत नाहीत. आमच्या आळीत ते हिच्याकडे होतं, म्हणून तिला सगळे आखणीवाली म्हणायचे. मी काकी म्हणायचे. तुमच्या घरी पेणकडचा गणपती येत असेल, तर तिनेच उघडलेल्या डोळ्यांनी त्याने तुमच्याकडे पाहिलं असण्याची शक्यता आहे.

घरची परिस्थिती म्हणाल तर सगळं तिच्या उजव्या हातावर. नवरा टेम्पोत मूर्ती चढवायच्या कामाला होता. एकदा पाय घसरला. मूर्ती वाचवली आणि कंबर घालवली. तेव्हापासून तो ओटीवर आडवा. खाडीकडचं भाताचं शेत होतं, पण बांध फुटून खारं पाणी आत आलं ते वर्षानुवर्षं गेलंच नाही. त्या खाचरात भाताऐवजी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळायच्या. "आमचं शेत चालतं," ती म्हणायची, "आठ पायांवर." असं बोलून ती पेज वाढायची. पेजेबरोबर काय आहे, हे विचारायची सोय नव्हती.

मी आमच्या आळीतली पहिली बी.एस्सी. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगायला मला आवडतं. आई कारखान्यात मूर्ती घासायची, वडील मजुरी करायचे. पेणच्या कॉलेजातून डिग्री घेतली, पुढे लॅबचा कोर्स केला आणि रोह्याला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागले. शेजारच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईहून सांध्यांच्या आजाराच्या डॉक्टर बाई येतात. एका महिन्यात त्यांची चिठ्ठी घेऊन एक बाई आमच्या काउंटरवर आली. पाहते तर काकी.

मला बघून ती आधी दाराकडे वळली. मग परत आली. "कोणाला बोलशील तर बघ," म्हणाली.

"काकी, पेणला डॉक्टर नव्हते का?"

"पेणला गेले तर संध्याकाळी मालकाला कळेल. आखणीवालीचा हात गेला म्हणून बोंब. मग मला घासायला बसवतील. आणि ह्या बोटांनी घासकाम तरी होईल काय? घर कोण चालवील?"

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात तिच्या भावाचं घर. म्हणून गावात सांगायचं, माहेरी चालले. ओटीवरच्या नवऱ्यालाही तेवढंच माहीत.

याआधी ती बाजारातल्या एका माणसाकडून पुड्या आणून खात होती. रोज एक. घेतली की तासाभरात बोटं मोकळी. तोंड मात्र पुरीसारखं फुगलेलं. आळीतल्या बायका म्हणायच्या, "माहेरचं अंगाला लागलं गो हिच्या." डॉक्टरांनी तोंड बघूनच ओळखलं, पुडीत स्टेरॉइड आहे. पुडी हळूहळू बंद केली आणि नवीन गोळ्या सुरू केल्या. त्या आठवड्यातून फक्त एका दिवशी घ्यायच्या, सोमवारी. डॉक्टरांनी सांगितलं, औषधवाल्याने सांगितलं, मी सांगितलं.

रिपोर्ट आला तेव्हा मी तिला बसवून समजावलं. शिकल्याचा उपयोग कधी करायचा? म्हटलं, "काकी, आपल्या रक्तात राखणदार असतात. पांढऱ्या पेशी. बाहेरचा रोग आत आला की त्याला धरतात. तुझ्या राखणदारांना घरचा आणि बाहेरचा ओळखू येत नाही. ते तुझ्याच सांध्यांवर काठी चालवतात. म्हणून सकाळी हात आखडतो."

ती म्हणाली, "म्हणजे राखणदार पिऊन येतो म्हण की."

"तसंच समज."

"मग काढून टाका ना त्याला."

"काढायचं नाही. शांत करायचं. राखणदार तर लागतोच."

तिने ती पिवळी गोळी नखावर ठेवून पाहिली. "एवढीशी? ती पण आठवड्याला? ह्याने उंदराची तरी कंबर दुखायची राहील काय?"

गुण यायला वेळ लागणार होता. डॉक्टरांनी महिने म्हटले होते. पण आषाढ संपत आला की जोह्यात महिन्यांची भाषा कोणी बोलत नाही. टेम्पो दारात लागायला लागतात. रंगलेल्या मूर्ती रांगेने उभ्या राहतात आणि सगळा कारखाना एका माणसाच्या ब्रशकडे बघत बसतो. पुडीही बंद. काकीचे हात दुपारपर्यंत उठेनासे झाले. मालक येता-जाता टोमणा मारायचा, "आखणीवाली, गणपती काय आंधळे पाठवायचे मुंबईला? आणि दर महिन्याला माहेर? नवऱ्याशी भांडलीस की भावावर केस टाकलीस?"

"भाऊ मासे देतो," ती म्हणायची. "तुम्ही देता काय?"

त्यानंतरच्या तपासणीला ती तोंडाला पदर लावून आली. रोज बोलणारी बाई, त्या दिवशी हाताने खुणा करत होती. मी विचारलं तर म्हणाली, "तोंड आलंय. तिखट लागलं असेल." अंग गरम लागत होतं. रक्त काढलं, सुई टोचली तिथे कापूस धरला, तर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागला. "संध्याकाळी ये रिपोर्टला," मी म्हटलं. "रिपोर्ट भाऊ नेईल," म्हणून ती घाईघाईने गेली.

मशीनने आकडा दिला तो मला चुकीचा वाटला. पुन्हा लावलं. तोच. मग काचपट्टी केली आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बसले. नेहमी लाल पेशींच्या गर्दीत जांभळ्या रंगलेल्या पांढऱ्या पेशी इकडे-तिकडे दिसतातच. मी पट्टी सरकवत गेले. रिकामं. आणखी सरकवली. रिकामं.  ज्यांच्यावर आम्ही इतके महिने चिडलो होतो, ते राखणदार मी आता शोधत होते आणि एकही धड सापडत नव्हता. रक्त थांबवणाऱ्या पेशीही तशाच, विरळ.

शेजारच्या दवाखान्यात धावत गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि खुर्चीतून उठल्याच. "कुठे आहेत त्या? त्यांना गर्दीत जाऊ देऊ नका. आत्ताच्या आत्ता दाखल करायला लागेल. साधा सर्दी-ताप झाला तरी वाचवणं अवघड जाईल."

मोबाईल बंद. बॅटरी वाचवायला ती तो बंदच ठेवायची. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आली नाय इकडे. डायरेक्ट गाडीला गेली असंल."

मी रिक्षा केली. स्टेशनात गाडी उभी होती. रोह्याहूनच सुटते, त्यामुळे आधीच येऊन बसलेली माणसं डब्याडब्यात होती. मी खिडक्या बघत पळत होते. बायकांच्या डब्यात ती कोपऱ्यात बसलेली, पदर तोंडावर, शेजारी एक बाई खोकणारं पोर मांडीवर घेऊन. मी आत चढले.

"काकी, उतर."

"का गो?"

"उतर म्हणते ना."

"उद्या टेम्पो लागणार. मूर्ती उभ्या हायत. मला जाऊ दे." बोलताना पदर सरला. ओठ आतून सोललेले, पांढरे पट्टे. 

"त्या सोमवारच्या गोळ्या कशा घेतल्यास?"

तिने पदर पुन्हा तोंडावर ओढला. पोर खोकलं. मी तिचा दंड धरला. "काकी, खरं सांग."

"घेतल्या रोज," ती म्हणाली. "ओरडू नको. आपण रंगाला काय करतो? पहिला हात बसला नाय, खालचं दिसायला लागलं, तर दुसरा हात मारतो. तिसरा मारतो. सिझन थांबतो काय? मला वाटलं, औषध पातळ हाय. गोळ्या संपल्या तर दुकानातून आणखी आणल्या."

रंगाचं म्हणाल तर तिचं बरोबर होतं. जोह्यातल्या कोणीही तेच केलं असतं. पण इथे आता शिकवत बसायला वेळ नव्हता. गाडीचा भोंगा वाजला.

"काकी, राखणदारांना शांत करायचं होतं. तू सगळे घालवलेस. एक उरला नाही. आता बाहेरचा कोणीही आत येईल. समजतंय तुला? ही गाडी पेणला पोचेल. तू कारखान्यात पण पोचशील. आखणी पुरी होणार नाही."

"मालकाला काय सांगू?"

"जिवंत राहा, मग सांग."

 गाडी हलली तसा डब्याला हिसका बसला. ती उठली. मी तिला अक्षरशः ओढलं. आम्ही दोघी प्लॅटफॉर्मवर धडपडलो आणि गाडी आमच्या बाजूने निघून गेली. ती खाली बसली आणि पहिल्यांदाच रडली. "सगळ्यांचे डोळे राहिले गो," म्हणत होती.

पनवेलच्या एका रुग्णालयात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. औषधाचा उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. पहिले दिवस वाईट गेले. ताप चढायचा, तोंडातून पाणीसुद्धा जात नव्हतं. भाऊ दाराबाहेर. ओटीवरून कधी न हललेला नवरा कमरेला पट्टा बांधून, टेम्पोत आडवा पडून आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो काचेतून बघत म्हणाला, "आणि मी हिला म्हणायचो, माहेर फार आवडतं तुला."

मालकही आला. मास्क लावून दारात उभा राहिला.

"हे होय तुझं माहेर?"

"व्हय."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घासायला बसवलं असतं."

मालकाने मास्क नाकावर सारखा केला. "बसवलं असतं," म्हणाला. माणूस खरं बोलला, हे मला आवडलं.

त्या वर्षी शेजारच्या हमरापूर गावातून दुसरा कारागीर आणून मालकाने डोळे काढून घेतले. सगळे गणपती वेळेवर गेले. एकाही गिऱ्हाइकाने फरक ओळखला नाही. काकीने विचारलंच, "कोण काय बोललं?" नवरा लगेच म्हणाला, "बोलले तर! दोघं-तिघं मूर्ती बघून परत गेले. म्हणाले, नेहमीची नजर नाय." ती उशीवर डोकं टेकून छताकडे बघत हसली. मी काही बोलले नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही बोलला नसतात.

रोज सकाळी रक्त तपासायचे. नर्स आली की काकी सोललेल्या ओठांनी विचारायची, "आज कामावर किती आले?" पहिल्यांदा नर्सला कळेना. मग तीही सांगायला लागली, "आज थोडे आलेत, मावशी." एका सकाळी नर्स म्हणाली, "आज बरेच आलेत." काकी म्हणाली, "पिऊन नाय ना आले?" नवऱ्याने मला लॅबमध्ये फोन करून हे सांगितलं. फोन ठेवून मी आत जाऊन तोंड धुतलं.

ती घरी आल्यावर डॉक्टरांनी थांबून, जपून, औषध पुन्हा सुरू केलं. पण गोळी नाही, आठवड्याचं इंजेक्शन. ते गावातली नर्स द्यायची. त्यामुळे झाकपाक संपली. सोमवारी सगळ्या आळीला कळायचं, आखणीवालीला सुई. बायकांनी चार दिवस कुजबुज केली, मग ज्या दोघी गुपचूप त्याच पुड्या खात होत्या, त्या तिच्या ओटीवर येऊन बसल्या. काकीने त्यांना शिव्या घातल्या आणि रोह्याचा पत्ता दिला.

मालकाने पुढच्या सिझनला एकच केलं. तिच्यापुढे दुपारच्या आधी मूर्ती ठेवायची नाही, असं कारखान्यात सांगून टाकलं. आखणी दुपारी सुरू व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत चालायची. तिचं मधलं बोट थोडं वाकडं राहिलं, ते सरळ होणार नाही. भुवईची रेघ पूर्वीपेक्षा जाड येते. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "देवाचं वय नाय झालं काय?"

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा रोह्याचा दिवस होता. लॅबबाहेर नेहमीसारखी गर्दी, सुजलेली मनगटं, हळू चालणाऱ्या बायका. सवयीने मी तिला शोधलं. ती नव्हती. तिच्या तपासण्या आता तीन महिन्यांतून एकदाच करायच्या, असं डॉक्टरांनी ठरवलं आहे. शेवटच्या रिपोर्टात सगळे आकडे हद्दीत होते. आजार ताब्यात आहे, आणि यंदाच्या सगळ्या मूर्तींची आखणी तिने केली.