शेकडा एक

घरमालक स्वतःच्या हातानं चहाची किटली घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. चौदा वर्षांत या गृहस्थानं आम्हाला पाणीसुद्धा मोजून दिलं होतं.

"लेकाकडं पुण्याले चाललो," ते म्हणाले. "हे घर विकून राहिलो. चौदा वर्सं राह्यले तुमी, म्हनून पह्यला मान तुमचा. अक्षय्य तृतीयेपर्यंत सांगा. नाई तं गिऱ्हाईक तयार हाय."

घर म्हणजे अमरावतीच्या एका अरुंद गल्लीतल्या तीन खोल्या. पण त्यातली पुढची खोली म्हणजे माझ्या बायकोचं पार्लर. गल्लीतल्या यच्चयावत भुवया तिच्या दोऱ्याखालून गेलेल्या. ते घर गेलं तर नुसता पत्ता बदलत नव्हता. भुवया कोरायला कुणी बाई दोन गल्ल्या चालत नाही, वाटेत जे पार्लर लागेल त्यात शिरते. म्हणजे घराबरोबर तिचा धंदाही जाणार होता. घरमालक गेल्यावर ती त्याच खोलीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि आरशातल्या मला म्हणाली, "काई करा. पन हे घर पायजे."

मी काय केलं? मोबाईलमध्ये हप्ता काढायचं ॲप घेतलं.

अहाहा, काय चीज आहे ती! तीन आडव्या पट्ट्या: कर्ज, व्याज, मुदत. प्रत्येक पट्टीवर एक टिकली. टिकली बोटानं सरकवायची की खाली हप्ता बदलतो. शेजारी भाकरीसारखं गोल चित्र, त्यात मुद्दल निळं आणि व्याज नारिंगी. मी खाजगी कॉलेजातल्या ग्रंथालयाचा माणूस, तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत राजा झालेला. राज्य असं बोटावर पुन्हा कधी आलं नव्हतं. कर्ज पंचवीस लाख. व्याज नऊ टक्के. मुदतीची टिकली पंचवीस वर्षांवर नेली आणि हप्ता आला एकवीस हजारांच्या आत! आम्ही दोघं पोटाला चिमटा घेऊन अठ्ठावीस हजार काढू शकत होतो. मी बायकोला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं.

बँकेतल्या मॅडमनी माझं वय विचारलं. मी पन्नास म्हटल्यावर त्यांनी पंचवीसवरची टिकली हळूच आठवर आणून ठेवली. "रिटायरमेंटपर्यंतच देता येतं, सर." छत्तीस हजार सहाशे सव्वीस.

तेव्हापासून मी वेड्यासारखा टिकल्या सरकवायला लागलो. ऑटोत सरकवल्या, ग्रंथालयात पुस्तकाआड सरकवल्या, न्हाव्याकडे दाढीला साबण लावलेला असताना सरकवल्या. जणू मी पुरेसा रेटा लावला तर ॲपला दया येईल. व्याज कमी करून पाहिलं, पण बँक ऐकणार नव्हती. कर्ज कमी करून पाहिलं, पण घरमालक ऐकणार नव्हते. मुदत वाढवायची तर माझं वय कमी करायला हवं, आणि तशी पट्टी त्यात नव्हती. बायको संध्याकाळी विचारायची, "आज किती आला?" जणू हप्ता म्हणजे बाजारभाव, आज ना उद्या उतरेल. मग विचारायचीही बंद झाली. नव्या गिऱ्हाइकांना नवरीच्या मेंदीची तारीख देईना.

आणि अशा वेळी अकोल्याच्या आत्याबाईंचा फोन आला.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, मूलबाळ नाही, आवाज थेट फौजदाराचा. पातूर रोडवरचा त्यांचा प्लॉट विकला गेला होता आणि पैसे बँकेत होते. आम्ही दोघं बसनं अकोल्याला गेलो. त्यांनी आधी पोटभर जेवू घातलं, मग आमचं सगळं ऐकलं आणि पानाचा डबा उघडत म्हणाल्या,

"बँकीच्या पाया काहून पडून राहिला लेका? मी देते. तू घरचा हाय म्हनून शेकडा एकानं देते. दुसऱ्याले दोनाच्या खाली हात लावू देत नाई."

शेकडा एक! एक टक्का! मी तिथंच चटईवर मोबाईल काढला. नऊवरची टिकली ढकलत ढकलत एकावर आणली. मुदत आठ वर्षं. सत्तावीस हजार एकशे आठ! निळ्या भाकरीला नखाएवढी नारिंगी कोर. मी आत्याबाईंच्या पायावर असं लोटांगण घातलं की त्यांचा पानाचा डबा उलटला. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रडते काहून? पैसे देऊन राहिली, घेऊन नाई," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी घरमालकांना दोन लाख इसार दिला. ते बायकोच्या पार्लरचे पैसे होते, सगळेच्या सगळे. अक्षय्य तृतीयेपर्यंत बाकीची रक्कम दिली नाही तर इसार बुडाला, असं कागदावर होतं. मी सही अशी ठोकली की जणू तह करतोय. बायकोनं पेंटर बोलावला. पार्लरच्या जुन्या पाटीवर नावाखाली तिला फक्त तीन शब्द हवे होते: 'आता स्वतःच्या जागेत'.

पेंटर शिडीवर होता. 'आता स्वतःच्या जा' एवढं झालं होतं. मी खाली उभा राहून, अक्षरं मोठी काढ, लहान काढ, असं सांगत होतो. फोन वाजला.

"हं, पैसे मोकये झाले," आत्याबाई म्हणाल्या. "आता ऐक. महिन्याच्या महिन्याले पंचवीस हजार व्याजाचे द्यायचे. मुद्दल जमन तसं दे."

"पंचवीस हजार? आत्या, वर्षाचे न?"

"वर्साचे कसे? शेकडा एक म्हनलं न मी! पंचवीस लाखाचे किती होते? शिकलेला हाय न तू?"

मी शिकलेलाच होतो, तेच नडलं. शाळेत दर साल दर शेकडा असं घोकलेलं. आत्याबाईंच्या अख्ख्या आयुष्यात व्याजाला साल कधी नव्हतंच, होता तो महिना. किराणावाला, हातउसने, भिशी, सगळं महिन्याच्या शेकड्यानं. बायकोच्या स्वतःच्या भिशीतही दोन टक्के महिन्याचेच असत. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मले कसं नाई सुचलं?"

नुसतं व्याज देत राहिलो तर मुद्दल जन्मात फिटणार नव्हतं. आठ वर्षांत फेडायला किती लागेल ते पाहायला मी बारा टक्के घातले. चाळीस हजार सहाशे बत्तीस. बँकेपेक्षाही वर.

"बाकीचं लिहू न भाऊ?" पेंटरनं शिडीवरून विचारलं.

"थांब," बायको म्हणाली. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी बाहेर उभा, आणि डोक्यावर 'आता स्वतःच्या जा'. आयुष्यात मला इतक्या मोठ्या अक्षरांत कुणी हाकललं नव्हतं.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, म्हणून सांगतो. घरात भांडणही होईना. भांडायला दोघांपैकी एकाचा दोष लागतो, आणि आम्ही दोघं एकाच चटईवर बसून एकाच टिकलीला भुललो होतो. मी घरमालकांकडे मुदत मागायला गेलो. त्यांनी या वेळी चहा दिला नाही. मग आत्याबाईंपुढं करायचं भाषण पाठ केलं, वडिलांच्या आठवणीसकट. अकोल्याच्या बसमध्ये बायको पुढं बसली होती आणि मी मागं ओठ हलवत त्याची तालीम करत होतो, तर शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

"आत्या," मी दारातूनच गहिवर काढला, "आज बाबा असते तर..."

"तं त्यायनं तुले दोन वाजवल्या असत्या," आत्याबाई म्हणाल्या. "वर्साचा शेकडा एक! असा तं भिकारी बी भिकाऱ्याले देत नाई. बस खाली."

मी बसलो. भाषण संपलं. आणि इतके दिवस गप्प असलेली बायको बोलली.

"आत्याबाई, बँक तुमाले किती देते?"

"सात."

"महिन्याचे?"

आत्याबाई पान लावता लावता थांबल्या. "वर्साचे," नाइलाजानं म्हणाल्या.

"आमी आठ देतो. वर्साचे."

मी ॲपवर आठ केले. पस्तीस हजारांच्या वरच. मी मान हलवली. बायकोनं डोळे मिटले. अठ्ठावीसच्या वर आमच्याकडे एक रुपया नव्हता.

"आन इकडं," म्हणत आत्याबाईंनी मोबाईल ओढून घेतला. "हे खालचं काय होय?"

"मुदत. पण माझी नोकरी आठच वर्षं आहे, आत्या."

"नोकरी सुटल्यावर जेवन सोडतं काय तू?" त्यांनी चुन्याचा अंगठा टिकलीवर ठेवून रेटला. टिकली थेट तीसवर. हप्ता धाडकन अठरा हजारांवर कोसळला. आत्याबाई खूश झाल्या, मग बोटांवर हिशेब करू लागल्या. "तीस वर्सं म्हंजे मी एकशेचारची. नाई बाप्पा, तवरोक नाई जमत. मले बी कामं हायेत." अंगठा मागे, मागे. बारावर थांबला. सत्तावीस हजार एकसष्ट.

अठ्ठावीसच्या आत! बायकोनं डोळे उघडले.

"म्हंजे मी शहाऐंशीची," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांना ठसका लागला. बायको पाण्याकडे जशी धावली, तशी ती माझ्या आजारपणातही धावलेली नाही. दोन घोट पिऊन आत्याबाईंनी आमच्याकडे पाहिलं. "पाहून काय राहिले? राहीन न मी. कोन अडवून राहिलं?"

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी पैसे दिले. घर राहिलं, पुढची खोली राहिली. माझी नोकरी सुटल्यानंतरच्या चार वर्षांचे हप्ते कुठून येणार, ते ॲपला विचारायची सोय नाही. मी अजून कधी कधी टिकल्या सरकवून पाहतो. नारिंगी भाग काही केल्या निघत नाही.

आत्याबाई घर पाहायला आल्या तेव्हा पेंटरनं 'गेत' नुकतंच पूर्ण केलं होतं. त्या ऑटोतून उतरल्या, चष्मा पुसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी पाटी वाचली.

"आता स्वतःच्या जागेत." मग बायकोकडे वळल्या. "स्वतःच्या कोनाच्या गं? माहा हप्ता कवाचा हाय, पह्यले थे सांग."