रंध्यावरचं नाव

आमच्या यांचं नाव मी इथंही लिहिणार नाही. उभ्या जन्मात घेतलं नाही, ते आता म्हातारपणी कागदावर कशाला उतरवू? पण या नाव न घेण्यापायी मी एकदा भर सीताबर्डीत असा काही तमाशा करून घेतला, की अजून आठवलं की हसू येतं. त्या दुकानदाराचा रागही येतो. दोन्ही तेवढंच ताजं आहे.

हे सुतार. नागपुरातल्या एका कारखान्यात दारं-खिडक्या, कपाटं, साहेबलोकांच्या बंगल्यांतल्या खुर्च्या अशी कामं करत. हत्यारं ज्याची त्यानं आणायची, अशी तिथली रीत. यांचा लाकूड तासायचा रंधा होता यांच्या वडिलांच्या हातचा, लाकडी, मुठीला बोटांचे खळगे पडलेला. एका उन्हाळ्यात तो असा तडकला की पातं धरेना. सरस लावून पाहिला, तार गुंडाळून पाहिली. काही उपाय चालला नाही, आणि शेजारी काम करणाऱ्या माणसाचा रंधा मागून घ्यायची पाळी आली.

मागून! ज्यांना दुसऱ्याच्या घरी तांब्याभर पाणी मागायला जड जायचं, त्यांनी रोज उठून रंधा मागायचा. पूर्वी हे अंगणातूनच ओरडत यायचे, "काय रांधून राहिली वं?" आता यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. वांग्याच्या भाजीत मीठ घालायचं मी एकदा विसरले, तरी चकार शब्द नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

एका संध्याकाळी ओट्यावर सासूबाईंचं आणि यांचं बोलणं माझ्या कानी पडलं.

"माय, तो बाजूवाला मले सगळ्यांपुढं म्हणते, खंडेनवमीले काय मांडशील गा? माह्याच रंध्याले फूल वाहजो."

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? दसरा झाला का गिरणीत लागतो. लाकडाचं झालं आता."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारागीर आपापली हत्यारं पुजतात. त्या दिवशी ज्याच्यापुढं हत्यार नाही, तो कारागीर कसला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलणाऱ्याची जीभ कशी नाही झडली! गिरणीला मी नावं ठेवत नाही. माझं माहेर खापा गावचं, घरोघरी हातमाग. माझा सख्खा काका माग मोडून गिरणीत लागला. पगार वेळेवर आणायचा, पण तो माणूस पुन्हा मोकळेपणानं हसलेला मी पाहिला नाही. माझ्या माणसाचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तिथंच चुलीपुढं ठरवलं. दसऱ्याच्या आत रंधा आणायचा, आणि असा आणायचा की परत मागायची पाळी येऊ नये.

दुपारी हे झोपलेले पाहून मी सुताच्या दोऱ्यानं यांच्या पंजाचं माप घेत होते, तर यांचे डोळे उघडले.

"काय करून राहिली वं?"

"अंगठी करायची हाय तुमाले."

"पंजाभर अंगठी?" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. बरं झालं.

लोकांच्या चोळ्या शिवून मी दिवाळीच्या लुगड्यासाठी जमवलेले पैसे कनवटीला लावले, सासूबाईंना सांगितलं टेकडीच्या गणपतीला जाऊन येते, आणि खोटं नको म्हणून आधी खरंच गणपतीला गेले. मग बर्डीच्या बाजारात लोखंडी सामान आणि भांडी ठेवणारं एक दुकान होतं, तिथं चढले. दुकानदारानं झकपक दिसणारा एक छोटा रंधा पुढं केला.

"हा न्या बाई. हलका हाय. पाहा कसा चमकते."

"चमकून काय करू? देवापुढं लावाचा हाय का?"

पदराखालून मी सागवानाचा एक तुकडा काढला. चांगला गाठाळ, मुद्दाम निवडून आणलेला. म्हटलं, यावर चालवून दाखवा.

"बाई, हे दुकान हाय, सुतारखाना नाही."

"मंग रंधे काहून विकता?"

कुरकुरत चालवला त्यानं. झकपकवाला गाठीवर जाऊन अडला, उडी मारून पुढं गेला. दुसरा लाकूड कुरतडत गेला. तिसरा कोपऱ्यात पडला होता, काळा, जड, विलायती. तो मात्र गाठीवरून सरळ गेला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल वर आली. मी दोरा काढून त्याच्या मुठीला लावला. पंजा बसून अंगठ्याला जागा उरत होती. म्हटलं, हाच. दुकानदारही जरा नरमला. म्हणाला, "तुमच्या नातवाच्या हाती जाईल हा. कारखान्यात नेणार असाल तर नाव घालून घ्या. लोखंडाले पाय फुटतात तिथं."

आपण भांड्यांवर नाव घालतो तसं, टिंबाटिंबांनी. मला पटलं. मी म्हटलं, घाला.

"नाव सांगा."

इथं माझी दातखीळ बसली.

"बाई, नाव?"

भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. मी एकीकडे बोट केलं. त्यानं त्या देवाचं नाव घेतलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं दुसरं घेतलं. आपल्या देवांना नावं काय थोडी असतात! तो घेत गेला, मी मान हलवत गेले. यांचं तेवढं सोडून त्यानं सगळी घेतली. चार माणसं गोळा झाली. एक टांगेवाला म्हणतो, "वहिनी, उखाणा घ्या न! आमी बी ऐकतो." झालं, सगळे फिदीफिदी हसायला लागले. दुकानदारही हसला.

माझं डोकं फिरलं. "माहंच घाला!" मी म्हटलं. "बायको नाही का मी त्यांची?"

"मंग तुमचं सांगा."

मी फाडकन सांगून टाकलं. त्यानं ठोकलं. रंधा पदरात गुंडाळून मी तरातरा निघाले आणि अर्ध्या वाटेत माझे पायच थांबले. अगं बाई! मी माहेरचं नाव सांगून आले होते.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात यांनी अंगठीनं लिहिलं, ते माझं सासरचं नाव. माहेरचं त्याच दिवशी संपलं. माहेरच्या भांड्यांवर लहानपणापासून तेच पाहिलेलं, रागाच्या भरात तेच तोंडातून गेलं. म्हणजे आता रंध्यावर कोण कुठल्या भलत्याच बाईचं नाव! ज्याला कारखान्यात आधीच टोचून खातात, त्याच्या हाती मी हे देणार होते? घरी येऊन राखेनं घासलं, विटेच्या तुकड्यानं घासलं. टिंब काही हललं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी पाटावर यांच्या पटाश्या-करवतींशेजारी मी रंधा ठेवला आणि नावावर झेंडूची माळ ओढली. हे आंघोळ करून आले, पाहिलं, आणि तसेच खाली बसले. ओले हात पुसले. मग मूठ धरली. पंजा बरोबर बसला.

"ही का वं तुही अंगठी?"

मला तेवढ्यानंच भरून पावलं. पण उचलताना माळ सरकली, आणि यांचा अंगठा त्या टिंबांवर गेला. हे अक्षराला अक्षर लावून वाचत. ओठ हलले, आवाज नाही.

"चुकलं माहं," मी घाईघाईनं म्हटलं. "कानशीनं घासून टाका."

"आज हत्याराले हत्यार लावत नसतात," एवढंच म्हणाले. रंधा गमछ्यात बांधला आणि कारखान्यातल्या पूजेला घेऊन गेले. संध्याकाळी मी विचारलं, कोणी काही म्हटलं का? म्हणाले, "म्हटलं." आणि हातपाय धुवायला गेले. दसरा तसाच गेला. सोनं दिलं-घेतलं, पाया पडलो, आणि माझा जीव सारखा टांगणीला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी भाकरी थापायला बसले, तर अंगणात ठक् ठक् सुरू झालं. छिन्नी आणि हातोडी. म्हटलं, पुसायला बसले. पुसू दे. नाव गेलं तर गेलं, माझा माणूस तेवढा जागेवर राहू दे. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक ठोक्याला भाकरी थापणारा हात थांबत होता.

सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांनी विचारलं, "गिरणीत जाणार होता न गा तू? अन् हे काय ठोकून राहिला?"

"कायची गिरणी, माय! कारखान्यातच चाललो. त्या दुकानदारानं अक्षरं उथळ मारली. वर्षाच्या आत हाताच्या घासानं गेली असती. खोल करून राहिलो."

"अन् त्या लोकायनं काही म्हटलं त?"

"तो बाजूवाला पुसत होता, हे कोण बाई हाय गा? मी म्हटलं, माह्या घरची हाय. अन् इले कोणी उसनं मागाचं नाही."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ठोकणं थांबलं. यांनी फुंकर मारून कीस उडवला, आणि नीट उमटलं की नाही ते पाहायला अंगठा फिरवत ते नाव मोठ्यानं वाचलं. एकेक अक्षर सुटं, आणि मग सगळं मिळून.

पाठवणीच्या वेळी आईनं घेतलं होतं ते नाव. त्यानंतर सासरी कोणीच नाही. माझे हात पिठात होते, तव्यावर भाकर होती, सासूबाई समोर बसल्या होत्या, आणि मी चुलीपुढून "ओ" दिली.