खंडेनवमीला हरवलेला बोल्ट

माझी मुलगी जुन्या लष्करी रायफली दुरुस्त करते. हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. रोटोटुना या आमच्या उपनगरातल्या मराठी बायका एकमेकींच्या मुलींची चौकशी करतात तेव्हा मी "कल्याणी फिजिओथेरपिस्ट आहे, इथल्याच हॉस्पिटलात" एवढं सांगून चहाकडे वळते. त्यात खोटं काही नाही. पण सुटीच्या दिवशी कल्याणी कुठे असते तर गराजमध्ये. अंगात बापाचा जुना शर्ट, कोपरापर्यंत तेल, आणि समोर फडक्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकीचे तुकडे.

आम्ही पुण्याहून इथे परदेशात आलो तेव्हा ती दहा वर्षांची होती. मोडकी वस्तू तिला तेव्हाही टाकवत नसे. शाळेच्या वाटेवर कुणी फुटपाथवर काढून ठेवलेला टोस्टर घरी आणायची आणि तो चालू होईपर्यंत जेवायला यायची नाही. शिक्षण झाल्यावर टौरंगाला, समुद्रकाठच्या दुसऱ्या गावी, नोकरी लागली. तिथे नेव्हिल नावाचे एक म्हातारे गृहस्थ खांद्याच्या उपचाराला येत. जन्मभर बंदरात काम केलेले. सांगितलेला व्यायाम करायचे नाहीत. कल्याणीने विचारलं, "मग घरी हातांनी करता तरी काय?" ते म्हणाले, "ये एकदा, दाखवतो."

तिथून हे खूळ लागलं. महायुद्धांत वापरलेल्या रायफली पुढे सैन्याला नकोशा झाल्या आणि बाजारात स्वस्तात आल्या. इथल्या लोकांनी त्या हरणांच्या शिकारीला घेतल्या आणि डोंगरात वजन नको म्हणून पुढचं लाकूड करवतीने कापून टाकलं. नेव्हिल अशा कापलेल्या रायफली शोधून आणत आणि पुन्हा होत्या तशा करत. त्यांचा खांदा वर जाईना, म्हणून धरायला कल्याणी. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून ती परीक्षेला बसली आणि तिने बंदुकीचं लायसन्स काढलं. मला कळलं ते लायसन्स हातात आल्यावर.

"अगं, पण बंदूक?" मी फोनवर म्हटलं होतं.

"आई, चिल. बरंचसं सुतारकामच आहे हे. लाकडाला पोचा आला असेल ना, तर त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची. वाफेने लाकूड फुगतं आणि वर येतं. आणि शेवटी जवसाचं तेल. तू चटणी करतेस ना, तेच जवस."

त्यानंतर नितीशचं झालं. साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता, माझ्या बहिणीने पुण्यात पैठणीसुद्धा घेऊन ठेवली होती. लग्नाला दोन महिने असताना त्याने नाही म्हटलं. कारण धड सांगितलं नाही. कल्याणी टौरंगाची खोली सोडून घरी परत आली. सोबत दोन बॅगा आणि एक लोखंडी कपाट, जे उचलायला तिच्या वडिलांना शेजारचा माणूस बोलवावा लागला. शिरीषनी, माझ्या नवऱ्याने, ते गराजच्या भिंतीत बोल्ट मारून पक्कं बसवलं. किल्ली फक्त तिच्याकडे. तसा कायदाच आहे.

पहिले काही आठवडे ती बोलत नव्हती. अर्धी पोळी खाऊन उठायची. ज्या घरात अशी मुलगी आणि तसलं कपाट आहे, त्या घरातल्या आईच्या मनात काय काय येतं ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या खोलीच्या दाराशी मी उगाच धुतलेले कपडे घेऊन जायची.

ती सावरली, पण कशाने? माझ्या बोलण्याने नाही. नेव्हिलनी एक थ्री-नॉट-थ्री पाठवली, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचा ठसा असलेली, निम्मं लाकूड कापलेलं. कल्याणी तिच्या मागे लागली. जुन्या लाकडाचा तुकडा मिळवायला गावोगावच्या प्रदर्शनांना जाऊ लागली. माझी इस्त्री गराजमध्ये गेली ती परत आलीच नाही. आणि एके दिवशी जेवताना तिने दुसरी पोळी मागितली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे यंदाची, २००८ सालची, खंडेनवमी.

पत्ता बदलला की पोलिसांना कळवावं लागतं. मग त्यांच्याकडचं कुणीतरी येऊन नव्या घरातलं कपाट बघतं आणि घरातल्या माणसांशी बोलतं. त्यांचं समाधान झालं नाही तर लायसन्स जातं आणि लायसन्सबरोबर सगळ्या रायफली. नेमक्या नवमीच्या दिवशी, बुधवारी चार वाजता, पोलिसांकडून लॉरेन नावाच्या बाई येणार होत्या.

दुपारी मी फार्मसीतल्या कामावरून घरी आले तेवढ्यात हॉस्पिटलातून कल्याणीचा फोन.

"आई, प्लीज चिडू नको. काल बोल्ट साफ करून गराजच्या बाकावर वाळत ठेवला आणि सकाळी कुलपात टाकायला विसरले. पेपरवर आहे. जरा बघ ना, आहे ना?"

बोल्ट म्हणजे बंदुकीचा दांडीवाला भाग. दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकतो. तो काढला की बंदूक उडत नाही, म्हणून तो वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवायचा असतो.

मी गराजमध्ये गेले. बाकावर पेपर होता. पेपरवर तेलाचा लांबट डाग होता. बोल्ट नव्हता.

मी बाकाखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा उपसला, गाडीखाली आडवी होऊन पाहिलं. सकाळी गवत कापणारा माणूस येऊन गेला होता आणि त्याच्यासाठी गराजचं दार उघडं होतं. बंदुकीचा भाग चोरीला गेला म्हणून पोलिसांना कळवायचं, आणि तेही पोलीसच घरी येणार त्या दिवशी! सासूबाईंना विचारावं असं मनात आलं, पण पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या ऐंशीच्या बाईला कशाला घाबरवायचं, म्हणून गप्प बसले.

"सुनीता, किती खडखडाट करतेस," त्याच आतून म्हणाल्या. "जेवायच्या आधी हत्यारांना नमस्कार कर. नवमी आहे आज."

मी नुसते हात जोडायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले. पाटावर शिरीषचं ड्रिल, माझी कात्री, अडकित्ता, लॅपटॉप. इथे ऑक्टोबरात वसंत, झेंडू कुठला, म्हणून अंगणातल्या कोव्हायच्या झाडाची पिवळी फुलं वाहिलेली. आणि मधोमध नव्या खणावर, हळदीकुंकवाची बोटं लावलेला, कल्याणीचा बोल्ट.

मी तिथेच खाली बसले. रडू आलं की हसू, मला सांगता येणार नाही.

"आई, हा इथे कसा?" मी सासूबाईंना विचारलं.

"कसा म्हणजे? घरात बंदूक आहे आणि पूजा नको? माझे वडील साताऱ्याला पोलीस हवालदार होते. खंडेनवमीला लाइनीत सगळ्या थ्री-नॉट-थ्री मांडायचे आणि साहेब स्वतः कुंकू लावायचे. तुमच्या कपाटाला कुलूप, म्हणून हा बाहेर दिसला तेवढा आणला."

मी हात पुढे केला. त्यांनी चापट मारली.

"खबरदार! पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या."

"अहो, चार वाजता पोलीस येतायत!"

"येऊ देत. त्यांनाही प्रसाद देऊ."

साडेतीनला कल्याणी धावतपळत आली. मी तिला दारातच गाठलं. "आजीला बोलण्यात गुंतव, मी उचलते. पेटीत टाकून दे. त्या बाईला काय कळणार आहे?"

ती पाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको. बाकावर मी विसरले ना? मी सांगणार."

"अगं, लायसन्स जाईल!"

"गेलं तर गेलं. खोटं बोलून ठेवलेल्या रायफलीला मला हात नाही लावता येणार, आई."

लॉरेनबाईंनी दाराशी बूट काढले. कुणी न सांगता काढले, तिथेच सासूबाई खूश. कल्याणीने कपाट उघडून दाखवलं, मग न अडखळता सगळं सांगितलं आणि बाईंना सरळ पाटापाशी नेलं. बाई पाटावर वाकल्या.

"ही पिवळी पूड काय आहे?"

"हळद."

"ओली?"

"हो."

"गंज चढेल ना गं," बाई म्हणाल्या. मग आवाज बदलून त्यांनी कल्याणीला चांगलंच झापलं. रायफली बंद होत्या आणि बोल्ट त्यांच्याजवळ नव्हता, हे ठीक. पण बोल्टसुद्धा कुलपातच हवा, बाकावर नाही आणि देवापुढेही नाही. पुढच्या महिन्यात न कळवता पुन्हा येईन. आणि आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर, कुलूप.

कल्याणीने ते आजीला मराठीत सांगितलं.

सासूबाईंनी विचार केला. "पेटी आण इकडे," त्या म्हणाल्या. बोल्टवर अक्षता वाहिल्या, "क्षमा कर बाबा" म्हटलं आणि खणासकट तो स्वतःच्या हाताने पेटीत ठेवला. कल्याणीने कुलूप लावलं. मग सासूबाईंनी पेटीलाच कुंकू लावून वर फूल ठेवलं. "झालं. पूजा मोडली नाही आणि त्यांचा कायदाही नाही. हिला पेढा दे."

जाण्याआधी लॉरेनबाईंना माझ्याशी एकटीशी बोलायचं होतं. हाच प्रश्न येणार हे मला कधीपासून माहीत होतं.

"तुमची मुलगी आणि या रायफली एका घरात. तुम्हाला भीती वाटते का?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तर ते कपाट माझ्या घरातून गेलं असतं. कित्येक महिने मला तेच तर हवं होतं.

"ती परत आली तेव्हा वाटत होती, फार," मी म्हटलं. "आता नाही. तेव्हा ती काही खात नव्हती, बोलत नव्हती. आता प्रदर्शनाहून आली की तासभर बोलते. आणि आजचं तुम्ही पाहिलंत. मी लपव म्हणत होते, तिने लपवलं नाही."

लॉरेनबाईंनी पेढा संपवला. "मुलीचं ऐकत जा," त्या म्हणाल्या आणि बूट घालायला वाकल्या.

गाडी वळून गेल्यावर कल्याणी स्वयंपाकघरात आली. माझ्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली, लहानपणी टेकायची तशी.

"आई, मी किती घाबरले होते."

"माहीत आहे."

"उद्या उत्तरपूजा झाली की लगेच तेल लावते. आजीच्या हळदीने खरंच गंज चढेल." ती तव्याकडे वाकून बघू लागली. "किती पोळ्या झाल्यात?"

"तुला किती हव्यात?"

"तीन," ती म्हणाली.