शालिनीची तपासणी

माझ्या बायकोच्या मामांइतका कालवडींना जीव लावणारा माणूस साऱ्या ब्रिटनमध्ये दुसरा नसेल, आणि माणसांच्या समारंभात इतका अवघडणाराही. ऐंशीच्या दशकात ते श्रॉपशरमध्ये गुरांचे डॉक्टर होते. एकदा इल्फर्डला बारशाला आले, तर यजमानीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "कसं आहे बाळ?" मामांनी बाळाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पाय मजबूत आहेत. लवकर उभं राहील." तेव्हापासून मामी त्यांना दारातच बजावत, "पेढा घ्या, बोलू नका."

दर ऑक्टोबरात आम्ही मिल्टन कीन्सहून त्यांच्याकडे जायचो. शेजारच्या डेव्हिडच्या फार्मवर तेव्हा तपासणी असे. उन्हाळाभर वळूबरोबर राहिलेल्या कालवडी एकेक करून खोड्यात येत. मामा खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून डावा हात आत घालत, डोळे मिटत आणि निकाल देत. गाभण असेल तिच्या पाठीवर निळा रंग, नसेल तिच्या लाल. निळ्या गोठ्यात, लाल खाटकाच्या लॉरीत. पुढे इतर डॉक्टरांनी स्कॅनर घेतले. मामांनी हात सोडला नाही. कालवडींना त्यांनी आपल्या वर्गातल्या मुलींची नावं दिली होती. डेव्हिड बिचारा कुंपणाशी उभा राहून "कूझम, कूझम" करायचा आणि कुसुम खरंच यायची.

गाभण नसलेलीला तिकडचे शेतकरी 'एम्प्टी' म्हणत. मामा मात्र "नॉट येट" म्हणत. शालिनी नावाची तांबडी कालवड सलग दुसऱ्या वर्षी तशीच निघाली, तेव्हा डेव्हिड म्हणाला, "डॉक्टर, हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणालात." मामांनी हातापाया पडून तिच्यासाठी जानेवारीपर्यंतची मुदत मिळवली आणि तिला पुन्हा वळूजवळ ठेवायला लावलं. रोज सकाळी जाऊन पाहायचे. डिसेंबरात मला फोनवर म्हणाले, "महिनाभर माजावर आली नाही. राहिली असणार."

जानेवारीत मी नेमका तिथं होतो. मामांचा हात बराच वेळ आत राहिला. मग त्यांनी मोजा उतरवला आणि म्हणाले, "एम्प्टी." लाल रंग डेव्हिडला लावू दिला नाही. स्वतः लावला, अगदी बोटाएवढा.

मी एकटाच घरी आलो. मामी कणीक मळत होत्या. झालेलं सांगितलं, तर त्यांचे हात थांबले.

"तो शब्द हे स्वतः म्हणाले?"

"हो."

"इकडे आलो त्या वर्षी मला चौथा महिना होता. एक दिवस पोटात दुखू लागलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं आणि नर्सला तोच शब्द सांगितला. हे पडद्याबाहेर उभे होते. पुन्हा दिवस राहिले नाहीत."

त्यांनी हात धुतले, चहा केला आणि कोट न घालताच दोन कप घेऊन बाहेर गेल्या. मामा कुंपणाशी उभे होते. खिडकीतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. कप कठड्यावर तसेच राहिले. बोचरा वारा होता. थोड्या वेळानं मामींनी आपला गारठलेला हात मामांच्या कोटाच्या खिशात सरकवला.